रहाटावरचं इंग्रजी

माझ्या सासऱ्यांच्या वाडीतला रहाट मोडून त्या जागी तेलाचं इंजिन बसवावं, हा सल्ला मी दिला. सासऱ्यांनी माझं ऐकल्याचा आमच्या सोयरिकीतला तो एकमेव प्रसंग, आणि नेमकं तेव्हाच त्यांनी ऐकायला नको होतं. आगाशीपासून वसईपर्यंतच्या पट्ट्यात त्या काळी इंग्रजी येणारी माणसं काही कमी नव्हती. कुणी शाळेत छड्या खाऊन शिकलेलं, कुणी पाद्र्यांच्या हाताखाली, कुणी बोटीवर शिव्या ऐकत ऐकत. पण या अख्ख्या मुलखात, छे, इंग्रजांचं राज्य जिथे जिथे म्हणून पसरलं होतं तिथे सगळीकडे शोधलंत, तरी रेड्याच्या शेपटीमागे बसून इंग्रजी शिकलेला माणूस एकच निघेल, आणि तो माझा सासरा होता.

आमच्याकडे सासऱ्याला मामा म्हणतात, सासूला मामी. मामा अंगाने किरकोळ, गुडघ्यापर्यंत धोतर, डोक्याला पंचा, आणि पायात वहाण असलीच तर ती हातात. आगाशीला त्यांची केळीची आणि पानवेलींची वाडी होती. जगातली कुठलीही गोष्ट समोर आली की ती एक प्रकारचं झाड आहे असं धरून ते तिची चौकशी करायचे. माझं लग्न ठरलं तेव्हा माझ्या पगाराची, घराण्याची विचारपूस बाकीच्यांनी केली, मामांनी एवढंच विचारलं, "पोरगा सावलीत वाढलाय की उन्हात?" मी विरारच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायचो. म्हणजे सावलीतला. हे कळल्यावर त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर पुढे मी त्यांच्या वाडीत न धरणाऱ्या कलमांवर टाकलेली बऱ्याचदा पाहिली. पानवेलीला हात लावण्याआधी ते हात धुवायचे आणि जेवायच्या आधी मात्र विसरायचे. सुकेळी करायला सोललेली केळी उन्हात वाळत घातली की कावळ्यांना हाकलायला दगड उचलत नसत, त्यांना नावं ठेवत. "अरे, तुझा बाप तरी असा खादाड होता का?" असं कावळ्याला विचारणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही. आणि एकदा मनात घेतलं की मग मागे हटणं नाही. मामी म्हणायच्या, "यांनी ठरवलं ना, की देवसुद्धा बाजूला होऊन वाट देतो. कोण वाद घालणार?"

त्यांनी इंग्रजी मनावर घेतलं ते मुलामुळे. स्वातंत्र्यानंतर दोन-तीन वर्षांतली गोष्ट. माझा मेहुणा कापडाच्या गिरणीचं शिक्षण घ्यायला विलायतेला गेला होता आणि तिथून त्याने कळवलं की त्याने तिथल्याच मुलीशी लग्न केलं आहे. घरात सुतक पडल्यासारखं झालं. मामींनी दोन दिवस चूल पेटवली नाही. शेजारीपाजारी समाचाराला यावं तसे येऊन ओसरीवर बसून गेले. जो तो म्हणे, आता तो तिकडचाच झाला. मामा खांबाला टेकून सगळ्यांचं ऐकून घेत होते. शेवटी उठले आणि म्हणाले, "सून आलीय घरात. रडताय कशाला? तिच्याशी बोलायची सोय बघा."

"तिला शिकू दे की आपली भाषा," मामी आतून कडाडल्या. "आम्ही नाही आलो सासरी? आम्हाला कुणी विचारलं होतं?"

"तू सोपाऱ्याहून आलीस. ती समुद्रावरून येणार. ती एकटी, आपण गावभर. एकटीने गावभराचं शिकायचं, का गावातल्या एकाने तिचं शिकायचं?"

"तो एक कोण?"

"मी," मामा म्हणाले. आणि माझ्याकडे वळून, बियाण्याची चौकशी करावी तसं त्यांनी विचारलं, "मास्तर, इंग्रजीला पाणी किती लागतं?"

मी तेव्हा स्वतःला इंग्रजीतला मोठा जाणकार समजत होतो. खरं सांगायचं तर माझं इंग्रजी म्हणजे कसायाचं ज्ञान. वाक्य समोर आलं की त्याचे तुकडे करून कर्ता कुठला, कर्म कुठलं, हे मी झटक्यात दाखवायचो; जिवंत वाक्य उभं करून चालवून दाखवा म्हटलं की माझी बोबडी वळायची. पण मामांना हे ठाऊक नव्हतं आणि मीही होऊन सांगितलं नाही. दर रविवारी मी आगाशीला जाऊ लागलो. ओसरीवर घोंगडी अंथरायची, मामांनी मांडी घालून बसायचं, मेहुण्याचं जुनं वाचनपुस्तक उघडायचं. मी म्हणे, "म्हणा, गुड मॉर्निंग." मामा तोंड उघडत, घशातली गाठ वर-खाली होई, कपाळाला घाम येई आणि शेवटी एक ढेकर येई. चार रविवार झाले, सहा झाले; ढेकरापलीकडे प्रगती नाही. मी निराश होऊन पुस्तक मिटलं. मामा मात्र निराश नव्हते. म्हणाले, "मास्तर, तुमची चूक नाही. रहाट फिरल्याशिवाय पाणी वर येईल कसं?"

त्यांच्या बोलण्यात उपमा आहे असं मला वाटलं. मामा उपमा देत नसत. ते सरळ उठले, बावखळावर गेले आणि रहाटावर बसले. आमच्याकडची बावखळं म्हणजे लहानशी तळीच. त्यावर रहाट, रहाटाला मडक्यांची माळ, आणि ती फिरवायला आडव्या दांड्याला जुंपलेला रेडा. रेड्याच्या डोळ्यांना झापडं. दांड्यावर एक फळी ठोकलेली. तिच्यावर मामा बसायचे आणि रेड्याबरोबर सकाळभर गोल गोल फिरायचे. त्या दिवशी फळीवर बसून रेड्याला त्यांनी चुचकारलं, रहाट कुरकुरला, पहिलं मडकं पन्हळीत रिकामं झालं, आणि मामांच्या तोंडून स्वच्छ शब्द आले, "गुड मॉर्निंग, डॉटर. हाऊ वॉज द शिप?"

मी ओसरीवरून पळत आलो. माझ्या पायात काटा गेला तो मला संध्याकाळी कळला.

मग काय! सहा रविवार जे घशात तुंबलं होतं ते सगळं पाटाला लागलं. मी बावखळाच्या कडेला उभा राहून वाक्य सांगायचो. मामा समोरून जाताना ते उचलायचे आणि पलीकडून फिरून येईपर्यंत घोटून परत आणायचे. बोटीची चौकशी झाली, हवापाणी झालं, "टेक सम मोअर राइस" झालं. मी पुस्तकातली वाक्यं द्यायचो तेव्हा ते नाक मुरडायचे. "हा राजा आणि त्याचा घोडा घेऊन मी सुनेशी काय बोलू?" त्यांना हवी ती वाक्यं वेगळीच होती. "तुझी आई कशी आहे?" याला इंग्रजीत काय? "खोबरेलाचा वास सोसवतो का?" याला काय? आणि एके दिवशी, "हे घर तुझं आहे. कुणी वाकडं बोललं तर मला सांग." हे मी जमेल तसं करून दिलं. "दिस इज युअर हाऊस. इफ एनीबडी स्पीक्स बॅड, टेल मी." त्या वाक्यावर मामांनी जितकी मेहनत घेतली तितकी मी बी.ए.च्या परीक्षेवर घेतली असती तर पहिल्या खेपेला पास झालो असतो. कुणी म्हणजे कोण, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. मामी तर चुलीपाशी भांडी आपटून ते मान्यच करायच्या.

एकदा मी म्हटलं, "मामा, एवढं एक वाक्य मीच सांगेन की तिला तुमच्या वतीने."

"छे," ते म्हणाले. "सुनेला घरात घ्यायचं ते दुसऱ्याच्या तोंडून घेत नाहीत."

रेड्याचं नाव आधी साधंसुधं काहीतरी होतं. पण रोज पहाटेपासून कानांवर इंग्रजी पडत असल्याने गावाने त्याचं बारसं पुन्हा केलं: लाटसाहेब. देशातले सगळे लाटसाहेब बोटीत बसून गेले, हा एक आमच्या वाडीत राहिला. आणि त्याची खोडही साहेबाचीच. इंग्रजी चालू असेल तोवर चालायचा. मामा गप्प झाले की थांबायचा. मराठीत हाकलला तर कान हलवायचा, पाय हलवायचा नाही. एकदा मामांना ताप आला. पानवेली सुकायला लागल्या. गड्याने चुचकारलं, शेपटी पिरगाळली, साहेब जागचा हलेना. मला विरारहून बोलावून आणलं. इंग्रजीचा मास्तर म्हणून मी ऐटीत फळीवर बसलो आणि काय बोलावं ते सुचेना, म्हणून वर्गातली क्रियापदांची रूपं सुरू केली. गो, वेंट, गॉन. कम, केम, कम. लाटसाहेबाने अर्धा फेरा मारला, थबकला, मान वळवून झापडाआडून माझ्याकडे पाहण्याचा प्रयत्न केला आणि चक्क खाली बसला. मी फळीवरून घसरून पाटात पडलो. खिडकीतून मामा तापात खदखदून हसत होते. म्हणाले, "मास्तर, त्याच्याशी बोला. त्याला शिकवू नका."

अर्नाळ्याहून मासळी घेऊन येणारी एक कोळीण होती. तिलाही मामांच्या अभ्यासाचा ताप. ती बांधावर टोपली टेकते न टेकते तोच हे दांड्यावरून, "गुड मॉर्निंग, मॅडम! फ्रेश फिश?"

"भाऊ, कोनाशी बोलता? माज्याशी, का रेड्याशी?"

"तुझ्याशी गो. इंग्रजी हाय."

"मंग पैले खाली उतरा. माझी मान गरगरते तुमच्यामागं. बोंबील घ्यायचे तर घ्या, माझी परीक्षा नका घेऊ."

पण खाली उतरले की मामांचं इंग्रजी वरच राहायचं, ही खरी अडचण. त्यावर तोडगा सापडला तो आमच्याच भागातल्या एका म्हाताऱ्या परदेशी पाद्र्यांमुळे. ते सायकलवरून चालले होते. रेडा इंग्रजी ऐकतो आहे हे पाहून थांबले. मामा आदराने खाली उतरले, हात जोडले, आणि मुके. पाद्री हसून काहीतरी विचारत राहिले, मामांच्या घशाची गाठ वर-खाली. शेवटी मामांनी त्यांना हाताने थांबायची खूण केली, परत फळीवर चढले, साहेबाला हाकललं आणि बोलू लागले. पाद्रीही असे भले की झगा एका हाताने वर धरून रेड्याच्या बरोबरीने गोल गोल चालू लागले. केळीवर बोलले, पावसावर बोलले, पाद्र्यांच्या म्हाताऱ्या आईवर बोलले. किती फेरे झाले कोण जाणे. पाटाचं पाणी शेजारच्या वाडीत शिरलं तेव्हा शेजाऱ्याने ओरडून संभाषण संपवलं. पुढे पाद्री मला रस्त्यात भेटले तेव्हा म्हणाले, "तुमचे सासरे फार चांगलं बोलतात. फक्त ऐकणाऱ्याला चक्कर येते."

हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि तरीही माझ्या डोक्यात इंजिन शिरलं.

झालं असं, की मेहुणा आणि त्याची बायको दिवाळीनंतर महिनाभरासाठी येणार असं ठरलं. गावात तेव्हा एक-दोन वाड्यांत नवी तेलाची इंजिनं आली होती. मला वाटलं, विलायतेहून येणारी बाई, ती इंजिनांच्या देशातली. तिने येऊन काय पाहायचं, तर सासरा रेड्यामागे बसलाय? ती माघारी जाऊन काय सांगेल? मामांची अब्रू जाईल असं मी म्हणत होतो. काळजी मला होती ती माझ्या अब्रूची. ओळख करून देताना 'हे इंग्रजीचे शिक्षक' असं म्हणतील आणि मागे रेडा दिसेल, हे मला सोसत नव्हतं. मी मामांना इंजिनाचे फायदे सांगितले. दुप्पट पाणी, निम्मा वेळ, चारा नाही, शेण नाही. मामा बराच वेळ पंच्याने मान पुसत राहिले. म्हणाले, "पण मास्तर, माझं बोलणं?"

"मामा, आता तुम्ही पक्के झालात. आता रेडा कशाला? पोहता यायला लागल्यावर कुणी भोपळे बांधतं का पाठीला?"

हा दाखला मला फार आवडला होता. मामांनाही पटला असावा. किंवा शिकलेल्या माणसापुढे आपण अडाणी, हे त्यांनी आयुष्यात त्या एका दिवशी मान्य केलं असावं. लाटसाहेब चिंचोटीकडच्या एका शेतकऱ्याकडे गेला. जाताना मामा त्याच्या कानाशी काहीतरी बोलले. कुठल्या भाषेत ते मला ऐकू आलं नाही. रहाट सुटा झाला, त्याची लाकडं मामींच्या चुलीत गेली. बावखळाच्या काठी पत्र्याची खोप उभी राहिली आणि तिच्यातून भक् भक् भक् असा आवाज सुरू झाला, की शेजारच्याशी मराठीत बोलायचं तरी ओरडावं लागे.

सून आली. उंच, नाकावर ठिपके, उन्हाने लाल झालेली, आणि घाबरलेली. टांग्यातून उतरताना साडी पायात येऊन ती अडखळली, मामींनी तोंड फिरवलं. मामांनी त्या दिवशी कोट घातला होता. त्यांना मी खुर्चीत बसवलं होतं, खुर्चीही माझीच कल्पना. ती वाकून पाया पडली. मामांनी तोंड उघडलं. "गुड..." म्हणाले, आणि गाठ वर गेली ती वरच राहिली. सगळी ओसरी वाट पाहत होती. मामांनी माझ्याकडे पाहिलं. मग ते खुर्चीतून उठले आणि खुर्चीभोवती फिरायला लागले.

एक फेरा झाला, दुसरा झाला. ओठ हलायला लागले होते. मला दिसत होतं, येतंय, येतंय. तेवढ्यात मेहुणा शरमून म्हणाला, "बाबा, बसा ना, काय करताय?" आणि मामा बसले.

मेहुण्याने मध्ये पडून दुभाष्याचं काम करायला काय हरकत होती, असं आज कुणी विचारेल. पण तो विलायतेहून आला तरी आगाशीच्या उंबऱ्याच्या आत पाय टाकताच आगाशीचाच झाला. बापासमोर बायकोशी बोलायची आमच्याकडे रीत नाही. महिनाभरात त्याने वडिलांदेखत तिच्याशी दोन शब्द बोललेले मी ऐकले नाहीत. राहिलो मी. तिने पहिल्याच दिवशी मला हळूच विचारलं, सासरे असे फिरत का होते? आता, रहाट, रेडा, फळी, मडकी आणि मामांची जीभ यांचा संबंध इंग्रजीत कसा सांगायचा? माझ्या कसायाच्या इंग्रजीने हात टेकले. मी म्हटलं, "एक्सरसाइज."

"हाऊ नाइस," ती म्हणाली.

आणि तिथे सगळं संपलं. मामा हट्टी, दुसऱ्या दिवसापासून ते रोज सकाळी अंगणात गोल फिरू लागले, शब्द घशातून वर यायला लागेपर्यंत. वर आले की सुनेला शोधत. आणि ती बिचारी सुसंस्कृत बाई. म्हाताऱ्यांच्या व्यायामात आपला अडथळा नको म्हणून त्या वेळी बरोबर माडीवर जाऊन बसायची. खाली उतरायची तेव्हा मामा थकून ओसरीवर बसलेले असत, म्हणजे पुन्हा मुके. मी रविवारी यायचो, हे पाहायचो, आणि आता कुठल्या तोंडाने सांगू म्हणून चहा प्यायचो. महिनाभरात मामा तिला चार शब्द बोलले असतील. त्यातले दोन 'थँक यू' होते. तिला सुकेळी आवडतात हे त्यांनी कसं ओळखलं ते देव जाणे. रोज तिच्या ताटाशेजारी ती ठेवलेली असायची. उलट मामींनी भाषेची वाट न पाहता तिला ओढून स्वयंपाकघरात नेलं, भाकरी थापायला बसवलं, तिची भाकरी फाटली तेव्हा हसल्या, आणि ती रडायला लागली तेव्हा तिच्या केसांना खोबरेल लावून दिलं. वाकडं बोलणारं माणूस असं परस्पर सरळ झालं. मामांचं वाक्य मात्र तसंच राहिलं. सहा-सात वर्षांनी ती पुन्हा आली तेव्हा मामा नव्हते, आणि बावखळात पाणी पुष्कळ होतं.

त्या पहिल्या खेपेला, ती निघायच्या दिवशी, टांगा दारात उभा होता. मेहुणा सामान चढवत होता. मामांनी सुकेळ्यांचं गाठोडं तिच्या हातात दिलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. तेव्हा ती बोलू लागली. हळू नाही, भरभर, डोळ्यांत पाणी आणून, मामांचा हात हातात धरून. कितीतरी वेळ बोलत होती. घोड्याने दोनदा पाय आपटले. मामा मान हलवत होते. मी शेजारी उभा होतो, आणि सत्य हे, की तिच्या त्या भरून आलेल्या, तिच्या गावाकडच्या बोलण्यातलं मला काडीचं कळलं नाही.

टांगा वळणावर दिसेनासा झाला. खोपीत इंजिन भकभकत होतं. मामींनी गड्याला ओरडून ते बंद करायला लावलं. एकदम शांत झालं.

"मास्तर," मामा म्हणाले, "काय म्हणाली ती?"

"म्हणाली, वाडी छान आहे."

"आणि?"

"आणि... सुकेळी आवडली."

मामा कोटाची बटणं काढत काढत आत निघून गेले. मामी पदराला डोळे पुसत उभ्या होत्या. माझ्याकडे वळल्या.

"मास्तर, खोटं सांगायचं तर जरा लांबलचक तरी सांगावं. ती पोर केवढा वेळ बोलत होती!"